कोणता सरस सरस? धनुष्याच्या पाठीला अस्तर लावू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

इंदूरच्या सियागंज बाजारात पहिल्यांदा सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा गोंद, मागायला गेलो तेव्हा दुकानदाराने आधी पॉलिश पेपर पुढे केला, मग फेविकॉलचा डबा. "सरेस, भैया, सरेस. दानेवाला," म्हटल्यावर त्याने मागच्या पोत्यातून मूठभर काळपट दाणे कागदावर ओतले आणि विचारलं, "पुताई करना है?" धनुष्य बनवायचंय असं सांगितल्यावर तो काही बोलला नाही, तोलून मात्र दिलं. त्या सरसाने मी जुलैत धामणाच्या लाकडाच्या धनुष्याच्या पाठीवर कंडरेचं, म्हणजे जनावराच्या पायातल्या चिवट तंतूंचं, अस्तर चिकटवलं. राखीपर्यंत त्याला हिरवट बुरशी आली आणि गणपती बसायच्या आत सगळी पट्टी नखाने सोलून निघाली, उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तशी.

दोष दाण्यांचा होताच, पण अर्धाच. उरलेला माझा, कारण मी महिना बघितला नव्हता. थंड मुलखातल्या कारागिरांचं लिखाण वाचून हा उद्योग शिकणाऱ्याची ही ठरलेली चूक आहे. तिकडे सरस हातातच गोठतो म्हणून कुरकुर असते. इंदुरात तो मे महिन्यात गोठत नाही आणि श्रावणात वाळत नाही. त्यामुळे पुढे सरसाइतकंच पंचांगही येईल, त्याला इलाज नाही.

अस्तर हवंच आहे का?

धनुष्य ओढलं की आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दबते आणि समोरची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते. लाकूड बहुतेक वेळा पाठीवरून जातं. एखादी रेषा तुटते, तिची चीप उचलते आणि पाठोपाठ धनुष्याची भुजा, म्हणजे मुठीच्या एका बाजूचा दांडा, दुभंगते. पाठीवर ताण सोसणारा थर घट्ट बसवला की ती चीप उचलत नाही. अस्तराचं पहिलं काम एवढंच.

तुमचं धनुष्य बांबूचं असेल तर हा लेख इथेच सोडा. झाबुआ-अलीराजपूरकडच्या भिलांची कामठी पाहिली आहे का? दांडा बांबूचा आणि दोरीसुद्धा बांबूच्याच चिवट पट्टीची. बांबूची बाहेरची साल हीच त्याची उत्तम पाठ. ती मेणचट आणि गुळगुळीत असते, सरस तिच्यावर धरत नाही. धरावा म्हणून खरवडली तर जे जपायचं तेच गेलं. एका हौशी मित्राने हे केलं. सांगूनही केलं.

लाकडात धामण आपल्या भागातलं जुनं नाव. संस्कृतात त्याला धन्वन म्हणतात, म्हणजे धनुष्याशी नातं नावातच आहे. कुऱ्हाडीच्या दांड्याला लोक आजही धामण शोधतात ते त्याच्या लवचिकपणामुळे. असं लाकूड उभं फाडून, पाठीवर एकच वर्षवलय टोकापासून टोकापर्यंत अखंड ठेवता आलं तर अस्तराशिवायही चालतं. पण वखारीतून आणलेल्या फळीतून कापलं असेल, रेषा मध्येच कडेला पळत असतील, गाठ असेल किंवा धनुष्य आखूड करायचं असेल, तर अस्तर लावा.

अस्तर कशाचं, ते आधी

सरस निवडायच्या आधी हे ठरलं पाहिजे, कारण प्रत्येक अस्तराला वेगळा सरस सोयीचा पडतो.

सगळ्यात सोपं म्हणजे कापड: जवसाच्या धाग्याचं, म्हणजे लिननचं, किंवा तागाचं घट्ट विणीचं. ते चीप उचलू देत नाही, पण जोर, म्हणजे धनुष्य ओढायला लागणारं बळ, वाढवत नाही. पहिल्या धनुष्याला मी हेच सुचवीन.

दुसरं कच्चं चामडं. कच्चं म्हणजे न कमावलेलं. जोड्याचं किंवा बॅगचं कमावलेलं चामडं ताणलं की नुसतं लांबत जातं, ते इथे कामाचं नाही. इंदूर गाण्याबजावण्याचं गाव, तबला-ढोलक मढवणारे इथे शोधावे लागत नाहीत. त्यांच्याकडे शेळीची पातळ कातडी असते आणि पुड्या, म्हणजे तबल्याच्या तोंडावरच्या कातड्या, कापून उरलेल्या लांब पट्ट्याही मिळून जातात. दोन पट्ट्या मुठीखाली एकावर एक चढवून जोडल्या की काम भागतं.

तिसरं कंडरेचं. जनावराच्या टाचेवरून वर जाणारी जाड पांढरी दोरी म्हणजे कंडरा. ती वाळवून, लाकडी हातोडीने ठेचून, तिचे केसासारखे तंतू सोडवायचे. बोकडाच्या कंडरा आखूड, म्हशी-रेड्याच्या लांब. मध्य प्रदेशात गोवंशाच्या कत्तलीला बंदी आहे, तेव्हा काय मागता आणि कुठे मागता ते नीट बघा. परवानाधारक दुकानातूनच घ्या. कंडरेचं अस्तर नुसतं राखण करत नाही, जोरही देतं. वाळताना ते आक्रसतं आणि धनुष्याला उलटा बाक आणतं. आखूड धनुष्याला ही मोठी मदत. लांब धनुष्याला मात्र ते ओझं होतं, कारण कंडरा लाकडाहून जड.

मग फेविकॉल का नाही? कापडाला चालेल, खोटं कशाला बोलू. पण सरस आणि कंडरा आणि कच्चं चामडं ही तिन्ही एकाच पदार्थाची रूपं आहेत: कोलॅजेन नावाचं प्रथिन. ओल्या कंडरेत सरस मुरतो, दोन्ही बरोबरच आक्रसतात आणि वाळल्यावर एकच अंग होतं. पांढरा गोंद तंतूंच्या मध्ये प्लास्टिकसारखा बसतो, आक्रसून ओढत नाही आणि सतत ताणाखाली हळूहळू सरकतो. शिवाय सरस चुकला तर कोमट पाण्याने सोडवता येतो. नवख्याला या गुणाची किंमत पहिल्याच आठवड्यात कळते.

पाकिटावरचा आकडा

चांगल्या सरसाच्या पाकिटावर ग्रॅममध्ये एक आकडा असतो: १६४, १९२, २५१, ३१५ असा काहीतरी. तो वजनाचा नाही. ठरलेल्या प्रमाणात सरस पाण्यात विरघळवून १० अंशांवर गोठवतात आणि त्या खरवसासारख्या वडीत साधारण अर्ध्या इंचाचा दट्ट्या ४ मिलिमीटर आत दाबायला किती ग्रॅम भार लागला ते मोजतात. जिलेटिनच्या अशाच मोजणीला ब्लूम म्हणतात. ऑस्कर ब्लूम या गृहस्थाने १९२५ साली या यंत्राचं पेटंट घेतलं.

आकडा मोठा तर जोड पक्का, असं नवखा धरून चालतो. तसं नाही. १९२ काय किंवा २५१ काय, नीट लागलेला जोड लाकडापेक्षा आधी सुटत नाही. आकडा सांगतो तो वेळ. मोठ्या आकड्याच्या सरसात प्रथिनाच्या साखळ्या लांब असतात, त्यामुळे तो पाणी जास्त मागतो, जास्त दाट राहतो आणि थंड होताच पटकन गोठतो. ३१५ वाला तर इतका ओढतो की काचेवर नक्षी उठवायला वापरतात: काचेवर लावून वाळवला की आक्रसताना काचेचे टवके घेऊन निघतो. छोट्या आकड्याचा सावकाश गोठतो, पातळ राहतो, तंतूंमध्ये सहज शिरतो.

म्हणून कोणता घ्यायचा, या प्रश्नाचं उत्तर तुमच्या खोलीत तापमापक काय दाखवतो त्यावर आहे.

इंदूरचे महिने

माझ्या मते सगळ्यात चांगला काळ दिवाळी झाल्यावरचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी, दिवस पंचवीस-तीस अंशांचे, रात्री दहा-बारापर्यंत उतरणाऱ्या. वाळवणीला याहून बरं हवामान मागून मिळत नाही. अडचण एकच: सरस हातात गोठतो. या दिवसांत १६४ ते १९२ घ्या, धनुष्य दुपारी गच्चीत उन्हात तापवून आणा आणि खिडक्या लावून काम करा. हेअर ड्रायर जवळ असू द्या. १९२ पेक्षा वरचा सरस थंडीत नवख्याने घेऊ नये. तंतू विंचरायच्या आत वरचा थर घट्ट होतो आणि खाली हवा राहते.

फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य हाही चांगला काळ. १९२ सरळ चालतो, कापडाला २५१ पण चालेल. भगोरिया, म्हणजे होळीआधीचे भिलांचे बाजार, आणि होळीच्या आसपास मी बरीच धनुष्यं पुरी केली आहेत.

एप्रिल-मे कठीण. दुपारी पारा चाळिशीला, खोलीत पस्तीस, आणि गोठलेला सरस वितळतो तोच साधारण तिशी-पस्तिशीत. म्हणजे तो पातळच राहतो, तंतू घसरतात, कातडी सरकते. वर लू अशी की वरचा थर तासाभरात कडक आणि आत ओलं. पुढे तडे जातात. करायचंच असेल तर २५१ किंवा जरा वरचा घ्या आणि पहाटे बसा. माळव्याच्या रात्रींचं एवढं कौतुक होतं, ते अशा वेळी खरं वाटतं: पहाटे चार-पाचला इथली हवा चोवीस-पंचवीस अंशांवर असते. पट्टी लावून ओल्या सुती फडक्याखाली सावलीत ठेवा, पंखा लावू नका.

जून ते सप्टेंबर अस्तर लावू नका. काही उपाय सांगत नाही, कारण करूच नये. बंद खोलीत बल्ब लावून वाळवणारे आहेत, त्यातल्या दोघांची धनुष्यं मी पाहिली आणि बोललो नाही.

दुकानात काय काय मिळतं

गडद तपकिरी, दाणेदार, स्वस्त सरस बहुतेकदा हाडांचा किंवा मिसळीचा असतो. चुन्याच्या पुताईला, पुठ्ठ्याच्या कामाला तो ठीक. पाठीला नको. कातड्यापासूनचा सरस मधाच्या रंगाचा, उजेडात धरला तर आरपार दिसणारा. रंग ही खात्री नव्हे, पण सुरुवात आहे.

बाटलीतला तयार द्रव सरस टाळा. तो गोठू नये म्हणून त्यात बहुधा युरिया घातलेला असतो. सोय होते, पण जोड मऊ पडतो, ओलावा जास्त ओढतो आणि बाटली जुनी असेल तर वाळतच नाही. काही कारागीर थंडीत वेळ वाढवायला सरसात चिमूटभर युरिया घालतात. त्यासाठी शेतीचा युरिया आणू नका, आपल्याकडे तो निंबोळीचं तेल लावलेला येतो आणि तेल हा सरसाचा वैरी.

सगळ्यात हाताशी असलेला पर्याय लोक विसरतात: बेकरीच्या सामानात मिळणारं साधं, बिनस्वादाचं जिलेटिन. तो शुद्ध केलेला सरसच आहे आणि पाकिटावर ब्लूमचा आकडा असला तर बहुधा दोनशे ते अडीचशेच्या घरातला. एका धनुष्याला परवडतं. फक्त पाकिटावर मांसाहाराची तपकिरी खूण आहे ना ते बघा. हिरवी खूण असेल तर ते बहुधा चायना ग्रास, म्हणजे समुद्री शेवाळापासूनचं अगर-अगर. फालुद्यात छान, धनुष्यावर शून्य.

माशाच्या हवेच्या पिशवीपासूनचा सरस सर्वांत लवचिक, आणि तुर्की कारागीर त्याची वाखाणणी करत आले. पण तो महाग आणि दमट हवेत जास्त पाणी पितो. पहिल्या दोन-तीन धनुष्यांना त्याची गरज नाही.

तबलेवाल्याकडच्या कातड्याच्या कातरणांचा सरस घरी करता येतो. धुऊन, भिजवून, उकळी न येऊ देता तासन्‌तास मंद शिजवायचं, गाळायचं, ताटात गोठवून वड्या पाडायच्या आणि जाळीवर वाळवायच्या. पहिला काढा सर्वांत जोरदार, पुढचे कमी कमी होत जातात. मी एकदा केला. आई एवढंच म्हणाली, "अरे, हे पातेलं आता परत घरात आणू नकोस." पातेलं अजून गच्चीवर आहे.

विकत घेतल्यावर घरची परीक्षा

पाकिटावर आकडा नसेल, आणि सुट्या मालावर तो नसतोच, तर हे करून बघा. दाणा किंवा तुकडा दाताखाली नाही, पक्कडीत मोडा. काचेसारखा टणकन तुटला आणि कड चकचकीत दिसली तर वाळलेला, चांगला. वाकला तर दमट. मग चमचाभर दाणे गार पाण्यात रात्रभर ठेवा, उन्हाळ्यात फ्रिजमध्ये. चांगला दाणा फुगून मऊ होतो पण आपला आकार सोडत नाही. सकाळी पाणी गढूळ आणि तळाशी चिखल असेल तर तो पुताईलाच द्या. वास भिजलेल्या कातड्याचा यावा, सडका नव्हे.

दोन प्रकारचे नमुने असतील तर तुलना सोपी. प्रत्येकी १० ग्रॅम सरस ७० मिलिलिटर पाण्यात भिजवून, वितळवून, एकसारख्या वाट्यांत ओता आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी अंगठ्याने दाबा. एक खरवसासारखा थरथरून चिरतो, दुसरा रबरासारखा अंगठा परत ढकलतो. दुसऱ्याचा आकडा मोठा. ग्रॅम कळणार नाहीत, पण थंडीत कोणता आणि उन्हाळ्यात कोणता हे कळेल, आणि तेवढंच हवंय.

शेवटची परीक्षा टाळू नका. ज्या लाकडाचं धनुष्य, त्याच लाकडाचे दोन तुकडे या सरसाने जोडा, दाबून आठवडाभर ठेवा आणि मग फोडा. जोडावरून सुटले तर सरस किंवा तुमची पद्धत चुकली. लाकूड फाटलं तर पुढे चला.

भिजवणं आणि तापवणं

बहुतेक चांगला सरस दुकानात नाही, शेगडीवर बिघडतो.

दाणे गार पाण्यात भिजवा, गरम पाण्यात कधीच नाही. बारीक दाण्याला दीड-दोन तास, वड्यांना रात्रभर. १९२ ला सरसाच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी, २५१ ला सव्वादोन ते अडीचपट. मग पाण्यात ठेवलेल्या भांड्यात तापवा. सरस थेट आचेवर ठेवायचा नाही. माझं सगळ्यात लाडकं साधन ब्यूटी पार्लरवाले वापरतात तो मेण तापवायचा हीटर: आत डबा, बाहेर तापमानाचं बटण, किंमत बेताची. डब्याभोवती थोडं पाणी ठेवलं की झालं. शिट्टीचं दुधाचं भांडं दिसायला याच कामाचं वाटतं, पण शिट्टी होते म्हणजे पाणी उकळलं, आणि आपल्याला ते नकोच आहे.

सरसाला ६० अंश पुरेत. ६५ च्या वर जाऊ देऊ नका. जास्त उष्णतेने प्रथिनाच्या साखळ्या तुटतात, २५१ वाला नकळत १५० वाला होतो आणि तो परत वर चढत नाही. दहा वेळा तापवून थंड केलेला सरसही असाच खाली येतो, म्हणून लागेल तेवढाच करा. उरलेला फ्रिजमध्ये आठवडाभर चालतो. स्वयंपाकाच्या किंवा दुधाच्या साध्या डिजिटल तापमापकाशिवाय या कामाला बसू नका. अंदाजाने फसतो माणूस.

कंडरेसाठी आणखी एक पायरी आहे आणि ती बरेच जण सांगत नाहीत. ओली कंडरा साठीच्या आसपासच्या उष्णतेत स्वतःच आक्रसून गुंडाळते, तळलेल्या कुरडईसारखी. म्हणजे सरस ६० ला वितळवायचा, पण तंतू बुडवताना तो ४५ ते ५० वर आणायचा. बोट आत ठेवून सहन होतं, ती हीच पातळी. या कामासाठी पाणी वाढवून तो एकतारी पाकाहून पातळ, ताकाहून दाट ठेवा.

बुरशी ही आपल्या हवेतली खरी शत्रू. त्यावर काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारं ओव्याचं फूल, म्हणजे थायमॉल, उपयोगी पडतं. दोन-तीन खडे थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून तयार सरसात ढवळा. ज्योतीपासून दूर, खिडकी उघडी. ग्लिसरीनचे थेंब घालून सरस लवचिक करण्याची युक्तीही ऐकाल. कोरड्या गावात ती ठीक. इथे ग्लिसरीन पावसाळ्यात ओलावा ओढून घेतं, मी घालत नाही.

लावताना

पाठ करवतीच्या पात्याने लांबीच्या दिशेने हलकी खरवडा, साबणाच्या गरम पाण्याने पुसा आणि त्यानंतर तिला उघड्या हाताने स्पर्श करू नका. हाताचं तेल, खोबरेल, काहीही असलं तरी सरस तिथे सुटतो. कंडरेचे तंतूही भांड्यांच्या साबणाने धुऊन घ्या. प्राण्याची चरबी डोळ्याला दिसत नाही. पाठीला आधी अगदी पातळ सरसाचे, आठ-दहापट पाण्याचे, दोन हात द्या आणि वाळू द्या. लाकूड तहानलेलं असतं. ते आधी पिऊन घेतं आणि मग मुख्य सरस वर टिकतो.

कातडी किंवा कापड असेल तर काम अर्ध्या तासाचं. कातडी पाण्यात मऊ करा, पाठीला आणि कातडीला दोन्हीकडे सरस लावा, मुठीपासून टोकांकडे अंगठ्याने हवा काढत न्या, वर सुती पट्टी सैलसर अंतराने गुंडाळा. प्लास्टिक गुंडाळू नका, ओल बाहेर पडली पाहिजे. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून कडा तपासा.

कंडरेला अर्धा दिवस ठेवा आणि एक मदतनीस. पेन्सिलीएवढी जुडी आधी कोमट पाण्यात ओली करा, पिळा, सरसात बुडवा, दोन बोटांत निपटून फाजील सरस काढा आणि मुठीच्या मधून सुरू करून पाठीवर पसरा. पुढची जुडी तिच्या टोकाला टेकवून. शेजारची रांग विटांच्या बांधकामासारखी, सांधे समोरासमोर येऊ न देता. जुन्या कंगव्याने विंचरा. जुडीत सरस कमी वाटला तरी चालेल, जास्त नको: नुसत्या सरसाचा थर ठिसूळ असतो, ताकद तंतूंची. एक थर झाला की दहा-पंधरा दिवस थांबा, मग दुसरा. पहिल्या धनुष्याला दोन पुरे. दोन्ही थरांना मिळून दीडशे-दोनशे ग्रॅम कोरडा सरस हाताशी असला की मला कमी पडलेला नाही.

वाळवणं आणि पुढचा पावसाळा

कापड किंवा कातडी आठवड्या-दीड आठवड्यात वाळते. कंडरेला शेवटच्या थरानंतर निदान दीड-दोन महिने द्या, सावलीत, वारा खेळेल अशा जागी. स्वयंपाकाच्या तराजूवर दर रविवारी धनुष्याचं वजन करून भिंतीवर लिहा. तीन आठवडे आकडा हलला नाही म्हणजे आतलं पाणी गेलं. त्याआधी ओढून बघायचा मोह होतो. तेव्हा धनुष्य मऊ लागतं, लाकूड आणखी तासावं लागणार नाही म्हणून आपण समाधान मानतो, आणि नेमकी तीच वेळ अस्तर आतून सरकण्याची असते.

वाळल्यावर राखण. फर्निचर पॉलिशवाले वापरतात ती चपडी, म्हणजे लाखेचे पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवून पाच-सहा पातळ हात द्या. ओलाव्याला अडवायला लाख फार चांगली आणि आपल्याकडे सहज मिळते. जुने आशियाई कारागीर कंडरेवर भूर्जाची साल किंवा पातळ चामडं चढवत, वर रोगण लावत, ते याच कारणासाठी. आणि एवढं करूनही हिंदुस्थानात शस्त्रागारांसाठी चक्क पोलादी धनुष्यं घडवली गेली: त्यांचा नेम आणि वेग कंडरेच्या धनुष्याइतका नव्हे, पण पावसाळ्यात पडून राहिली तरी बिघडत नसत.

पावसाळ्यात धनुष्य दोरी काढून, भिंतीपासून दूर, कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर आडवं ठेवा. ऑगस्टमध्ये जोर चार-पाच पौंडांनी उतरला तर घाबरू नका, कार्तिकात बराचसा परत येतो. मेच्या दुपारी मात्र उलटं: तेव्हा हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते, लाकूड आणि सरस दोन्ही ठिसूळ होतात. सकाळी सातच्या आत काय ते बाण सोडा. बंद गाडीत उन्हात धनुष्य ठेवू नका. बाण न लावता दोरी सोडू नका, ते कोणत्याही महिन्यात नाही.

आणि टोकाला कड उचललेली दिसली तर लगेच सरसाचं भांडं चढवू नका. सुती दोऱ्याने बांधून ठेवा, वापर बंद करा. दिवाळीनंतर बांधणी सोडा, त्या कडेखाली गरम पाण्यात बुडवलेला कुंचला फिरवा, जुना सरस मऊ झाला की नवा घालून परत दाबा. जुना आणि नवा आपसांत मिसळतो. माझ्या त्या धामणाच्या धनुष्याची पाठ अशीच सगळी सोडवून, बुरशी धुऊन, त्याच तंतूंनी नोव्हेंबरात परत बसवली, या वेळी १९२ ने. ते आता बेचाळीस पौंड ओढतं, आणि पावसाळ्यात अडतीस.